घटक ५ : शत्रुभय आणि देवाचा धावा – संत तुकारामांचे चरित्र

५.१ प्रस्तावना

तुकारामांचे चरित्र तुम्हांला अगदीच अपरिचित आहे असे नाही. शाळेच्या पाठ्यपुस्तकातून, कीर्तनातून, चित्रपटातून आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्यांच्या आयुष्यातील प्रसंग आपल्या कानांवर आलेले असतात. म्हणूनच या घटकात आपण ते सगळे चरित्र पुन्हा सरळ क्रमाने सांगणार नाही. एक प्रश्न हाती धरून त्याच्या उजेडात आपल्याला ते वाचायचे आहे.

तो प्रश्न असा. दुष्काळ पडतो, रोग येतो, घरातले माणूस जाते. या संकटांना चेहरा नसतो. त्या वेळी देवाचा धावा करणारा माणूस फक्त सुटका मागतो. परंतु संकट आणणारा आपल्याच गावातला असेल, त्याचे नाव-गाव ठाऊक असेल, रोज देवळाच्या वाटेवर तो समोर येत असेल, तर प्रार्थनेत आणखी एक मागणी शिरू पाहते. त्याचे वाटोळे व्हावे, अशी ती मागणी असते. जगातील पुष्कळ प्राचीन प्रार्थनांमध्ये ती उघडपणे आढळते आणि त्यात नवल काही नाही. तुकारामांवर असे प्रसंग एकाहून अधिक वेळा आले. त्या वेळी त्यांनी विठ्ठलाकडे काय मागितले, आणि मागितल्यानंतर त्यांना स्वतःला काय वाटले, हे आपल्याला पाहायचे आहे.

या विवेचनात अभंगांची अवतरणे दिलेली नाहीत. अभंगांतील आशय आपण गद्यात समजून घेणार आहोत. तुमच्याजवळ गाथा असेल, तर ती शेजारी ठेवा आणि आशय वाचून झाल्यावर मूळ अभंग स्वतः शोधा. पाठांतराने जे साधत नाही, ते अशा शोधातून साधते. गाथेतील अभंग कालक्रमाने लावलेले नाहीत, हे मात्र ध्यानात असू द्या. सुदैवाने काही अभंगांच्या आरंभी जुन्या नकलाकारांनी ते कोणत्या प्रसंगाचे आहेत याची नोंद करून ठेवली आहे. गाथेशिवाय आपल्याला दोन आधार आहेत. एक, तुकारामांना प्रत्यक्ष पाहिलेल्या बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग. दुसरा, महिपतींचे ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे ग्रंथ. महिपतींनी लिहिले ते तुकारामांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. त्यामुळे त्यांच्या कथांत परंपरेची स्मृती आणि भक्ताची कल्पना एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्या टाकून द्यायच्या नाहीत आणि दस्तऐवज म्हणूनही वाचायच्या नाहीत.

५.२ देहू, दुकान आणि दुष्काळ

पुण्याजवळ इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. तेथील एका सुस्थित कुणबी कुटुंबात तुकारामांचा जन्म झाला. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी १६०८ हे वर्ष सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घरी शेती होती, दुकान होते, सावकारी होती आणि गावच्या पेठेची महाजनकीही होती. मूळ पुरुष विश्वंभरबाबा यांच्यापासून घराण्यात पंढरीची वारी चालत आलेली. विठ्ठलाचे देऊळ घरचेच म्हणावे असे.

ही घडी फार लवकर विस्कटली. आई-वडील गेले, थोरल्या भावाची पत्नी गेली आणि भाऊ विरक्त होऊन तीर्थयात्रेस निघून गेले. पाठोपाठ १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ आला. त्यात द्रव्य आटले, पत गेली, दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली आणि मुलगा संतूही दगावला. हे सारे तुकारामांनी आपल्या एका आत्मकथनपर अभंगात अगदी थोड्या शब्दांत सांगितले आहे. दुसरी पत्नी जिजाई, म्हणजे पुण्याच्या गुळवे घराण्यातील आवली, हिने पुढचा संसार ओढला. लोककथांनी तिला कर्कशा ठरवले. उपाशी मुलांच्या आईने आवाज चढवला तर तो कर्कशपणा मानावा काय, याचा विचार तुम्हीच करा.

या काळातील एका घटनेवर आपण थोडे थांबू, कारण पुढे तिची गरज लागणार आहे. घरच्या सावकारीची कर्जखते कपाटात होती. लोकांकडून वसुली केली असती, तर दुकान पुन्हा उभे राहिले असते. परंपरा सांगते, की तुकारामांनी या खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. दुष्काळाने खंगलेल्या ऋणकोंच्या दारी जाऊन बसण्याचा आपला हक्क त्यांनी अशा रीतीने पाण्यात सोडला.

त्यानंतरचे दिवस भंडाऱ्याच्या आणि आसपासच्या डोंगरांवर एकांतात गेले. मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी दुरुस्त केले. पूर्वसूरींची वचने पाठ केली आणि ते कीर्तनात साथीला उभे राहू लागले. स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी रामकृष्णहरी हा मंत्र दिला. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली. अशा दोन स्वप्नांची हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. तेव्हापासून अभंगरचना सुरू झाली.

५.३ विरोध कशामुळे झाला?

आजच्या वाचकाला एक प्रश्न पडतो. देवाची गाणी म्हणणाऱ्या माणसाशी कोणी वैर का धरावे? याचे उत्तर सतराव्या शतकातील गावगाड्यात शोधावे लागते. धर्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार जन्माने ठरत असे. तुकाराम जन्माने शूद्र मानले जात. तरीही ते कीर्तनात धर्माचा अर्थ सांगत होते, आणि ऐकणाऱ्यांना तो पटत होता. त्यातच काही ब्राह्मण त्यांच्या पायांवर डोके ठेवू लागले. चाकणचे संताजी जगनाडे हे तेली समाजाचे आणि गंगाराम मवाळ हे ब्राह्मण, असे दोघेही त्यांचे अभंग लिहून घेत, ही परंपरा प्रसिद्ध आहे. एकाच्या कवितेभोवती असे भिन्न जातींचे लोक जमू लागले, की ती कविता केवळ कविता राहत नाही. ज्यांचा मान आणि ज्यांची मिळकत धर्मकृत्यांवर उभी होती, त्यांना ती खुपणे अपरिहार्य होते. या मंडळींत दोन नावे ठळक आहेत. देहूचे मंबाजी गोसावी आणि वाघोलीचे रामेश्वरभट्ट.

५.४ काटेरी फोक

मंबाजी देहूतच मठ करून राहत. विठ्ठलमंदिरालगत त्यांची छोटीशी बाग होती आणि तिला काट्यांचे कुंपण घातलेले होते. महिपतींच्या कथेनुसार जिजाईची म्हैस त्या बागेत शिरली आणि मंबाजींचा संताप अनावर झाला. पुढे एकादशी आली. देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कुंपणाचे काटे पसरलेले होते. येणाऱ्यांच्या पायांत ते रुतू नयेत म्हणून तुकारामांनी ते बाजूला सारले. मंबाजींनी तेच निमित्त केले आणि काटेरी फोकांनी त्यांना बडव बडव बडवले. तुकारामांनी हात उचलला नाही. रात्री कीर्तनाची वेळ झाली, तेव्हा रोज येणारे मंबाजी आले नाहीत. तुकाराम स्वतः त्यांच्याकडे गेले. मारून मारून तुमचे हात दुखले असतील, अशा भावनेने त्यांचे अंग चेपले आणि त्यांना कीर्तनाला घेऊन आले.

कथेचा हा शेवट भक्तमंडळींना प्रिय आहे. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो या प्रसंगावरचा गाथेतील अभंग, कारण तेथे तुकाराम लोकांसमोर नसून विठ्ठलासमोर आहेत. तो अभंग तक्रारीचा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. देवाने आपल्या अंगी क्षमा आहे की नाही हे पाहण्यासाठी काट्यांचा मार देवविला, शिव्यांचा तर पार राहिला नाही, विटंबना पुरती झाली, असे त्यांचे बोलणे आहे. आणि हे सगळे बरेच झाले, असे ते वर म्हणतात. का बरे झाले? तर या सगळ्यात देवाने आपली क्रोधापासून सोडवणूक केली.

येथे थोडे थांबा आणि हे नीट पाहा. पाठीवर वळ उठले होते. मारणारा शंभर पावलांवर राहत होता आणि उद्या पुन्हा मारणार नाही याची खात्री नव्हती. तरीही या प्रार्थनेत मंबाजींच्या तावडीतून सोडव अशी मागणी नाही. सुटका झाल्याचे समाधान आहे, पण ती सुटका स्वतःच्या रागापासूनची. बाहेरच्या शत्रूपेक्षा आत उसळू पाहणारा शत्रू अधिक घातक असा हा हिशेब आहे. तो हिशेब मांडणारा माणूस भाबडा नव्हता. दुकानदारीत वाढलेला आणि माणसे चांगली ओळखणारा होता. दुर्जनांवर कोरडे ओढणारे त्यांचे अभंग तुम्ही वाचले असतीलच. राग त्यांना येत होता. तो येत होता म्हणूनच त्यापासून वाचल्याचे मोल त्यांना कळत होते.

५.५ लोहगावचा वेढा

शत्रूच्या भयाने केलेली सगळीच प्रार्थना अशी असावी, असे तुकाराम मानत होते काय? नाही. गाथेतील तीन अभंगांचा एक लहानसा गट या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. लोहगाव हे तुकारामांचे आजोळ. तेथील लोकांचा त्यांच्यावर लोभ होता आणि तेथे त्यांची कीर्तने वारंवार होत. या गावाला परचक्राचा वेढा पडला, त्या वेळचे हे अभंग आहेत.

परचक्र हा शब्द त्या काळच्या माणसाला समजावून सांगावा लागत नसे. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या फौजा पुणे परगण्यातून ये-जा करीत. फौज आली की धान्य जाई, गुरे जात, घरे जळत. लोहगावची माणसे या भयाने आकांत करीत असताना तुकाराम विठ्ठलाशी जे बोलतात, त्याचा स्वर काटेरी फोकांच्या अभंगाहून अगदी निराळा आहे. येथे समजूतदारपणा नाही. हा आकांत आपल्याला डोळ्यांनी पाहवत नाही, दुसऱ्याच्या पीडेने जीव कासावीस होतो, असे ते म्हणतात. तुम्ही येथे नाहीत की काय, असे देवालाच विचारतात. हरीचे दास जेथे राहतात तेथे परचक्र यावेच कसे, असा जाब मागतात. आपल्या मरणाची भीती वाटत नाही, लोकांचे दुःख मात्र सोसवत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आहे.

म्हणजे स्वतःला मार बसला तेव्हा त्यांनी मागितले नाही, ते दुसऱ्यांवर वेळ आली तेव्हा आग्रहाने मागितले. परीक्षेत तुकारामांची सहनशीलता असा प्रश्न आला, की विद्यार्थी बहुधा मंबाजींच्या प्रसंगापाशी थांबतात. लोहगावचे हे अभंग वाचल्याशिवाय ते उत्तर अपुरेच राहते. इतरांवर अन्याय होत असताना गप्प बसण्याला त्यांनी क्षमा म्हटलेले नाही.

याच सूत्राशी जुळणारी एक कथा महिपतींनी सांगितली आहे. शिवाजी महाराज कीर्तनाला बसलेले असताना त्यांना पकडण्यासाठी शत्रूचे सैनिक आले, तुकारामांनी पांडुरंगाचा धावा केला आणि देवाने शिवाजीचे रूप घेऊन त्या सैनिकांना दूर नेले, अशी ती कथा आहे. ती इतिहास म्हणून घेता येत नाही. पण तुकाराम देवाला साकडे घालतील तर दुसऱ्याच्या जिवासाठी घालतील, ही लोकांची समजूत तीत उतरली आहे आणि ती समजूत गाथेशी विसंगत नाही.

५.६ वह्या इंद्रायणीत

रामेश्वरभट्ट हे मंबाजींसारखे हातघाईवर येणारे गृहस्थ नव्हते. ते वाघोलीचे विद्वान ब्राह्मण. त्यांच्या शब्दाला धर्माधिकाऱ्याचे वजन होते. तुकारामांच्या वाणीतून श्रुतींचा अर्थ प्रकट होतो आणि शूद्राला तो अधिकार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे सत्ताधाऱ्यांकडेही तक्रार गेली. गावच्या अधिकाऱ्यांची मर्जी फिरली, तशी गावाचीही फिरली. त्या वेळची एकटेपणाची स्थिती तुकारामांनी एका अभंगात मांडली आहे. पाटलाचा रोष झालेला, गावकरी तुटलेले. अशा स्थितीत पोट कोठे भरावे आणि आसरा कोणाकडे मागावा, हा साधा व्यवहारी प्रश्न तेथे आहे. संतचरित्र वाचताना हा प्रश्न आपण पटकन ओलांडून जातो. गावाने वाळीत टाकल्यासारखे केले, तर पिठाची मूठ मिळणेही कठीण होते, हे लक्षात ठेवून तो अभंग वाचावा.

रामेश्वरभट्टांनी निर्णय दिला, की यापुढे कवित्व करू नये आणि झालेले पाण्यात बुडवावे. तुकारामांनी वह्या दगड बांधून इंद्रायणीत सोडल्या.

ज्या नदीत त्यांनी एकदा कर्जखते सोडली होती, तीच ही नदी. त्या वेळी पाण्यात गेला तो संसार होता, आणि तो त्यांनी स्वेच्छेने सोडला होता. या वेळी पाण्यात गेले ते परमार्थाचे सारे संचित, आणि तेही दुसऱ्याच्या आज्ञेने. लोक टोमणे मारू लागले. आधी खते बुडवून प्रपंच घालवला, आता वह्या बुडवून परमार्थही घालवला, असे बोलणे त्यांना ऐकावे लागले, असे परंपरेत सांगतात. घाव बसला तो येथे. कवित्व ही देवाची आज्ञा आहे असे ज्याने मानले होते, त्याच्यापुढे आता दोनच पर्याय उरले. एक तर ते स्वप्न खोटे होते, किंवा ते खरे असूनही देव ऐन वेळी साथ देत नव्हता.

५.७ तेरा दिवस

तुकाराम विठ्ठलमंदिरासमोर एका शिळेवर जाऊन बसले. अन्न सोडले, पाणी सोडले. गाथेत या बसण्याला धरणे म्हटले आहे, आणि हा शब्द तुम्ही आजच्या आंदोलनाच्या अर्थाने घेऊ नये. त्या काळी धरणे धरणे हा व्यवहारातला रूढ उपाय होता. ऋणको कर्ज फेडीत नसेल, तर धनको त्याच्या दाराशी उपाशी जाऊन बसे. दारात माणूस उपाशी असता घरातल्यांनाही सुखाने घास घेता येत नसे, आणि उपाशी बसलेल्याच्या जिवाला काही झाले तर त्याचे पाप घरधन्याच्या माथी येई. कर्जखते पाण्यात सोडताना तुकारामांनी माणसांच्या दारी असे बसण्याचा हक्क सोडून दिला होता. आता ते देवाच्या दारी बसले. विठ्ठल त्यांचे काहीतरी देणे लागत होता. आज्ञा त्याने दिली होती आणि तिची जबाबदारी त्याने घ्यायला हवी होती.

प्रार्थना म्हणजे हात जोडून केलेली विनवणी, अशी आपली समजूत असते. भक्तिकाव्यात तिचे इतरही प्रकार आहेत. नामदेवांच्या करुणापर अभंगांत रुसवा आहे, जनाबाईंच्या अभंगांत तर देवाला सरळ शिव्याही आहेत. तुकारामांची या तेरा दिवसांतील वाणी त्याच कुळातली. फक्त तिच्यात सावकारी घरातल्या माणसाचा रोखठोकपणा आहे. हे कवित्व माझे असेल तर बुडू दे, तुझे असेल तर तूच पाहा, असा त्या मागणीचा मथितार्थ आहे.

या धरण्यात रामेश्वरभट्टांविषयी काय आहे, हे शोधून पाहा. त्यांना शासन कर, त्यांची विद्या फोल ठरव, असे मागणे सापडत नाही. भांडण सगळे विठ्ठलाशी आहे. संकट ज्याच्या हातून आले त्याला मधून वगळून, ज्याच्यावर विसंबलो त्याच्याशीच ते भांडतात.

तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर तरंगत असलेल्या लोकांना दिसल्या, त्या कोरड्याच होत्या, असे परंपरा सांगते. या घटनेचा पुकारा त्या काळीच झाला होता. बहिणाबाईंच्या अभंगांतही तेरा दिवस पाण्यात राहिलेल्या वह्यांचा उल्लेख येतो. भाविक वाचक याला चमत्कार मानतो. काही आधुनिक अभ्यासक असे म्हणतात, की अभंग तोवर लोकांच्या तोंडी बसलेले होते. वह्या बुडाल्या तरी ते लोकगंगेवर तरले. दोन्ही वाचने तुमच्या परिचयाची असावीत. परीक्षेच्या उत्तरात दोन्हींचा उल्लेख करा, परंतु तेथेच थांबू नका, कारण चरित्रातील सर्वांत विलक्षण गोष्ट त्यानंतर घडते.

वह्या हाती आल्या. मागणे पुरे झाले, निंदकांची तोंडे बंद झाली. अशा वेळी भक्ताने आनंदाने नाचावे, अशी आपली अपेक्षा असते. तुकारामांनी जे अभंग लिहिले, ते मात्र पश्चात्तापाचे आहेत. आपल्या हातून मोठा अन्याय झाला, अशी कबुली ते देतात. लोकांच्या बोलण्याने चित्त क्षुब्ध होऊ दिले, देवाचा अंत पाहिला, आपल्या भुकेतहानेचा भार त्याच्यावर घातला. देवाला पाण्यात उभे राहून कागद राखावे लागले, लोकांत आपली लाज सांभाळावी लागली. कोणी मानेवर सुरी चालवली होती काय, पाठीवर घाव घातला होता काय, की एवढा आकांत करावा, असे ते स्वतःलाच विचारतात. यापुढे कोणी मान कापली, दुर्जनांनी हवे तसे छळले, तरी तुला शीण होईल असे काही करणार नाही, असे वचन ते देतात.

या पश्चात्तापाचा अर्थ कसा लावायचा? देवाकडे मागणेच चूक होते, असा त्याचा अर्थ काढणे मला योग्य वाटत नाही. तसे असते, तर लोहगावच्या अभंगांबद्दलही त्यांनी खेद केला असता. धरण्याचे अभंग त्यांनी गाथेतून काढून टाकले नाहीत, हेही लक्षात घ्यावे. माझ्या मते खेद आहे तो धरण्याच्या पद्धतीचा. ऋणकोच्या दारी बसावे तसे ते बसले, आणि पदरात पडल्यावर कळले, की ज्याला कर्जदार समजून वेठीला धरले तो आईसारखा आपल्यासाठी पाण्यात उभा होता. माणसांना माफ केलेला तगादा त्यांनी देवाला मात्र लावला होता. मागणे मान्य झाले, आणि म्हणूनच ते बोचू लागले. तुमचे मत याहून वेगळे असू शकेल. धरण्याचे आणि त्यानंतरचे अभंग सलग वाचा आणि मगच ते ठरवा.

५.८ एक वैरी वळला, एक वळला नाही

इकडे रामेश्वरभट्टांची कथा वेगळ्या दिशेने चालली होती. परंपरेप्रमाणे, अनगडशाह नावाच्या फकिराच्या शापाने त्यांच्या अंगाचा भयंकर दाह होऊ लागला. कशानेच उतार पडेना, म्हणून ते आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी जाऊन बसले. तुकारामांना शरण जा, असा दृष्टान्त तेथे झाला. त्यांनी शिष्याच्या हाती पत्र पाठवले. उत्तरादाखल तुकारामांनी एक अभंग पाठवला. चित्त शुद्ध असेल तर शत्रूही मित्र होतात, वाघ आणि साप यांचे भय उरत नाही, विषाचे अमृत होते आणि आघातही हितकर ठरतो, असा त्याचा आशय आहे. तो वाचताच दाह शमला, असे सांगतात.

दाहाची कथा बाजूला ठेवली, तरी रामेश्वरभट्टांचे परिवर्तन ही गोष्ट उरतेच. ज्याने आपल्या आयुष्याची कमाई बुडवायला लावली, त्याला लिहिलेल्या या उत्तरात टोचणी नाही, हिशेब चुकता केल्याचा सूर नाही. सामर्थ्य कोठून येते, एवढेच त्यात सांगितले आहे. आणि ते सामर्थ्य लिहिणाऱ्याइतकेच वाचणाऱ्यालाही मिळू शकते, असे गृहीत धरले आहे. रामेश्वरभट्ट त्यांचे शिष्य झाले.

मंबाजी मात्र वळले नाहीत, आणि हे सांगितल्याशिवाय हे चरित्र खरे होणार नाही. बहिणाबाई (१६२८–१७००) या ब्राह्मण स्त्रीने स्वप्नात तुकारामांचा अनुग्रह घेतला आणि पुढे कुटुंबासह ती देहूला आली. तिने आपल्याला गुरू न करता एका शूद्राला गुरू केले, हे मंबाजींना सहन झाले नाही. त्यांनी या कुटुंबाला छळले, त्यांची गाय बांधून ठेवून तिला मारले. गाईला बसलेल्या माराचे वळ तुकारामांच्या पाठीवर उमटलेले लोकांनी पाहिले, असे बहिणाबाई सांगतात. मंबाजींनी पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना तक्रारीचे पत्र लिहिल्याची हकिकतही त्यांच्याच अभंगांत आहे. रामेश्वरभट्टांसारखा विद्वानदेखील या शूद्राच्या पाया पडू लागला, हे त्या तक्रारीतील एक गाऱ्हाणे होते. काटेरी फोकांच्या रात्री ज्याचे अंग चेपले, तो माणूस इतक्या वर्षांनंतरही तसाच होता. तुकारामांनी त्यामुळे देहू सोडले नाही, आणि कीर्तनही सोडले नाही.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ.स. १६५० मध्ये, तुकारामांचे प्रयाण झाले. वारकरी ही तिथी तुकारामबीज म्हणून पाळतात. त्या वेळी जिजाई गरोदर होत्या. नंतर जन्मलेले नारायणबाबा यांनी १६८५ पासून पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली. मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादित केलेली गाथा १८७३ पर्यंत दोन भागांत छापून झाली. ज्या अभंगांना पाण्याची वाट दाखवली होती, ते आता छापील पानांवर आले.

तुकारामांची जी आरती आज कीर्तनानंतर घरोघरी आणि देवळांत म्हटली जाते, ती रामेश्वरभट्टांची रचना आहे. पाण्यात अभंग राखले गेले, ही गोष्ट त्या आरतीत त्यांनीच नोंदवून ठेवली आहे. वह्या कोणी बुडवायला लावल्या, हे मात्र म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते.